चुडा भरायचे दिवस

वैशाख जवळ आला की घरातले माझ्याशी जरा जपून वागतात. सून चहा ठेवून लगेच आत जाते. मुलगा दुकानाची किल्ली घेताना ‘येतो’ एवढंच म्हणतो. त्यांना वाटतं, म्हातारीला ऊन बाधतं. वर्ध्याचं ऊन मला काय बाधणार, जन्म गेला त्यात. मला बाधतात त्या पत्रिका. कोपऱ्याला हळदीचं बोट लावलेली पहिली पत्रिका दारात आली की ती मी न वाचता देव्हाऱ्यामागे सारते, आणि लग्नं सरेपर्यंत तिकडे बघत नाही.

परवा मुलगा जेवताना म्हणाला, आई, सीझनचं फार टेन्शन आलंय. बाजारातल्या दुकानदारांनी मिळून म्हणे नागपूरहून एक माणूस बोलावला होता. त्यानं सगळ्यांना सतरंजीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि आपापला श्वास ऐका म्हणाला. मुलगा मोठ्या कौतुकानं सांगत होता. चांगलं आहे बाबा, म्हटलं, मीही एक अख्खा हंगाम श्वास ऐकण्यात घालवलाय, पण तो माझा नव्हता. सून पाणी आणायला उठली. तिला ठाऊक आहे, एवढं म्हणून मी गप्प होते. इतकी वर्षं तसंच चाललंय. आज लिहून टाकते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही राहायला नालवाडीला आणि आमचं बांगड्यांचं दुकान वर्ध्याच्या बाजारात. रस्त्यावरून दोन-तीन पायऱ्या चढलं की गादी, आणि गादीमागच्या भिंतीवर खुंट्याच खुंट्या. खुंट्यांवर दोऱ्यात ओवलेल्या काचेच्या बांगड्यांच्या माळा. फिरोजाबादचा माल रेल्वेनं यायचा. खोकं उघडलं की आधी वाळल्या गवताचा वास, मग वाटेत चुरा झालेल्या काचेची खळखळ. ती खळखळ ऐकून माल किती गेला ते ह्यांना हात न घालता कळायचं. दुपारी ऊन आत शिरलं की माळांमधून गळून पांढऱ्या भिंतीवर हिरवा उजेड पडे आणि त्यात समोर बसलेल्या सगळ्यांची तोंडं आजारी दिसत. मला तो उजेड कधीच आवडला नाही.

तेव्हा बांगड्या विकत नसत, भरत. आताच्या पोरींना हे सांगावं लागतं. बाई समोर मांडी घालून बसायची, हात आपल्या हातात द्यायची. तो हात आधी दाबून मऊ करायचा, अंगठा आत दुमडायचा, आणि बांगडी अशी सरकवायची की ती कुठून गेली ते बाईला कळू नये. बांगडी मापाची हवी. सैल दिली तर धुणं धुताना निघून जाते, घट्ट दिली तर हाडावर अडते. ह्यांचा हात त्यात असा होता की सेलू-देवळीकडच्या बाया दारातली दुकानं सोडून आमच्याकडे येत. बायकोच्या तोंडून नवऱ्याची स्तुती शोभत नाही, पण जे होतं ते होतं.

रोजच्या गिऱ्हाइकाचं काही नाही. खरा घोर नवरीचा. नवरीच्या हातात हिरवा चुडा चढवताना एक जरी बांगडी फुटली तरी सोबत आलेल्या बायांची तोंडं उतरत. ‘फुटली’ म्हणायचीही सोय नव्हती, ‘वाढली’ म्हणायचं. मग पुढे त्या पोरीच्या संसारात पाय मुरगळला तरी त्या बांगडीचं नाव निघणार आणि बांगडीबरोबर दुकानाचं. एका हंगामात अशा किती नवऱ्या ह्यांच्यासमोर बसत! प्रत्येकीचं पुढलं आयुष्य जणू ह्यांच्या अंगठ्याखाली. वरून हसायचं, पोरीला चिडवायचं, मावश्या-मामींच्या कोट्या झेलायच्या, आणि बंडीच्या आतून घामाचे लोट. दुकानदाराला राग आला तरी तो गिऱ्हाइकावर काढता येत नाही, म्हणून तो घरी घेऊन येतो. दिवसभर गोड बोलून ह्यांची जीभ इतकी थकायची की घरी आल्यावर मला ‘वाढ’ एवढाच शब्द मिळे. वाढलं तरी धड जेवण नाही. मीठ कमी म्हणून ताट सरकवायचं, नाहीतर जास्त म्हणून.

औषधं तरी काय करायचे? डोकं जड झालं की बाम. छातीत जळजळलं की सोडा. फारच झालं तर दुकानावर लिंबू-मिरची बदलायची. बाजारात कुणालाही काहीही झालं की सगळे एकच सांगत, पित्त आहे. मी माझ्या माहेरी रोहण्याला चार दिवस चला म्हटलं, तर म्हणाले, लग्नं सरली की जाऊ. दुकानदाराच्या घरी सगळं काही लग्नं सरल्यावर असतं.

होळीच्या आधी हे दुकानातून चालत घरी आले, ओट्यावर टेकले आणि उठलेच नाहीत. दवाखान्यात नेलं. पित्त नव्हतं, हृदय होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना पूर्ण विश्रांती द्या, आणि काळजी अजिबात करू देऊ नका. मी हो म्हटलं. काळजी करू नका हे सांगणारा माणूस आपल्या खिशातून थोडी बेफिकिरीही काढून देईल तर बरं.

दुकान मी उघडलं. मलाही भरता यायचं, लग्न होऊन आल्यापासून ह्यांच्या बाजूला बसून शिकले होते. काही बायांना उलट पुरुषमाणसापेक्षा मी बरी वाटायची. पहिले काही दिवस बरे गेले. मग लक्षात आलं की बाया पायरीशी येऊन थबकतात. आत डोकावतात, रिकाम्या गादीकडे बघतात, मग माझ्या कपाळाकडे, मग माझ्या हातांकडे. ‘मालक दिसत नाई?’ विचारतात. घरी आहेत, बरं नाही, म्हटलं की ‘हो का’ म्हणतात, आणि बांगड्या नुसत्याच कागदात बांधून मागतात. घरी भरून घेऊ म्हणतात. नवरीवाल्या तर पायरीही चढत नसत.

का, ते मला पानवाल्याच्या बायकोकडून कळलं. दवाखान्यात असताना दुकानाला कुलूप होतं, तेवढ्यात खेड्यापाड्यांत बातमी पसरली की बांगडीवाले गेले. आणि मी एकटी बसलेली पाहून त्या बातमीला शेपूट फुटलं: बाई धंद्यासाठी कुंकू लावून बसली आहे.

विधवेच्या हातून नवरीनं चुडा भरून घ्यायचा नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आमच्या जातीचा तो धंदाच. नवरा आहे तोवर बाई बांगड्या भरणार, नवरा गेला की त्याच दिवशी तिचे हात रिकामे आणि गादीवरून ती आत, माळा ओवायला. माझ्या सासूला मी तशी कोपऱ्यात ओवताना पाहिलं होतं. तिच्या हातून हजारो नवऱ्या गेलेल्या, पण एका दुपारनंतर तिच्याकडे कुणी हात पुढे केला नाही. तेव्हा हे गेले तर नुसता नवरा जाणार नव्हता, माझ्या बोटांतली विद्याही त्याच दिवशी जाणार होती. हे मला ठाऊक होतं, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या ह्यांनाही ठाऊक होतं.

मी ती अफवा ह्यांच्या कानावर घातली नाही. पण पवनारचे एक जुने गिऱ्हाईक, पाटीलबुवा, डोक्यावर उपरणं घेऊन, तोंड पाडून आमच्या नालवाडीच्या घरी आले. मी नुकतीच दुकानातून आले होते. दार ह्यांनीच उघडलं. पाटीलबुवा उंबऱ्यात उभेच्या उभे. समाचाराला आलेला माणूस, आणि समोर मेलेलाच ‘या’ म्हणतोय! बिचारे बसले, पाणी प्यायले, कापसाचं, बैलांचं काहीतरी बोलले, आणि शेवटी न राहवून सगळं सांगून गेले. कुंकवाचंसुद्धा. हे त्यांच्यासमोर खूप हसले. ते गेल्यावर भिंतीकडे तोंड करून निजले. पाठ हलत होती. मी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर आंघोळ करून, धोतर नेसून, टोपी घालून तयार.

“रिक्षा बोलाव,” म्हणाले. “मी दुकानात बसतो.”

मी भांडले. मोठ्यानं भांडले, शेजारी ऐकत असतील तर ऐकोत. डॉक्टरांचं नाव काढलं, पोराची शपथ घातली. ते टोपी नीट करत ऐकत राहिले. मग म्हणाले, “मले काई करायचं नाई वं. भरशील तू. मी नुसता दिसतो लोकाइले. तुह्या कुंकवाले कोणी खोटं म्हणलं तं मले घरी झोप येईन काय?”

मी रिक्षावाल्याला हाक मारली.

तर असा तो हंगाम. रोज सकाळी सायकलरिक्षा दारात. तिच्या खडखडाटानं ह्यांना दम लागू नये म्हणून मी रिक्षावाल्याला हळू हळू म्हणत राहायची. पायऱ्या चढताना माझ्या खांद्यावर भार. गादीवर लोडाला टेकवून बसवायचं, अगदी मध्ये, रस्त्यावरून दिसेल असं. मी पुढे काठाशी, गिऱ्हाइकाकडे तोंड, ह्यांच्याकडे पाठ. बाया पायरीशी येत, आत बघत, आणि चेहरा सैल पडे. ‘राम राम भाऊ, बरं हाये ना?’ हे हात वर करत. की लगेच माझ्यापुढे हात येई. मला त्या हातांचा संताप यायचा. माझ्या बोटांवर विश्वास नाही, कपाळावर नाही. मागे एक आजारी माणूस श्वास घेतोय त्यावर विश्वास.

एकदा गर्दी ओसरल्यावर म्हणाले, “मी काई देवळातला देव आहो काय? नुसतं दर्शन देऊन राह्यलो.” मी हसले. मग एकदम रडायला लागले, तशी त्यांनीच मला ओरडून गप्प केलं, गिऱ्हाईक येतं ना.

माझ्या पाठीला त्या दिवसांत कान फुटले होते. समोर मामी सांगतेय, पोरीला देणं-घेणं काय ठरलं, वरातीला कुठला बँड आहे, मी मान डोलवतेय, आणि ऐकतेय मात्र मागचं. श्वास आला. गेला. खोकले. लोड सरकला. मध्येच शांत झालं की माझ्या अंगठ्याचा दाब बिघडे. दोनदा बांगडी वाढली, सुदैवानं लेकुरवाळ्या बायांच्या हातात. एकीच्या मनगटातून रक्त आलं. ती उलट माझीच समजूत घालत होती. घरी गेल्यावरही तेच, भाकरी थापता थापता कान आतल्या खोलीत. रस्त्यावरून वाजत-गाजत वरात गेली की मला त्या नवरदेवाचा घोडा, बँडवाले, सगळ्यांचा राग येई, कारण त्या गोंगाटात मला ह्यांचा श्वास ऐकू येत नसे.

एक शाळेतल्या बाई होत्या, बौद्ध वस्तीतल्या, हौसेनं रंगीत बांगड्या भरायच्या. त्यांच्यात हे शकुन-अपशकुन त्यांनी केव्हाच टाकून दिलेले. त्यांनी एकदा ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सरळ म्हणाल्या, “माणसाले घरी झोपू दे ना वं बाई. आमी येऊ तुह्याकडं, तो असो की नसो.” हे मागून म्हणाले, ‘बाई, तुमच्यासारखी माणसं गावात किती?’ त्या जाताना ह्यांना नमस्कार न करता मला करून गेल्या.

डॉक्टरही चिडले. विश्रांती म्हणजे काय कळतं का तुम्हाला, म्हणाले. “घरी पडलो तं लोक मारून राह्यले, दुकानात बसलो तं तुमी,” हे म्हणाले. डॉक्टरांना हसू आलं, आणि त्यांनी गोळी बदलून दिली. ह्यांच्या विनोदांचं हेच व्हायचं, समोरचा हसायचा आणि मूळ गोष्ट राहून जायची. मीसुद्धा बसल्या जागी रोज तीच बेरीज करायची: एवढा वैशाख निघू दे. मग मुहूर्त संपतात. मग कुलूप लावीन, रोहण्याला नेईन, आंब्याखाली बाज टाकून निजवीन, आणि महिनाभर ह्यांना एकही माणूस बघणार नाही.

आता दुकानात जाते कधी कधी. काचेचं कपाट, दिवे, धातूच्या बांगड्यांचे डबे. पोरी येतात, डबा उचलतात, आरशात बघतात, जातात. सून गल्ल्यावर असते, तिच्या हातात घड्याळ आणि एक कडं. कुणी तिच्या कपाळाकडे बघत नाही. बघावं असं मी म्हणत नाही, चांगलंच झालं. पण कुणाच्याच हाताला कुणाचा हात लागत नाही, तेव्हा मला उगाच चुकल्यासारखं होतं. पुढे मी पुष्कळ वर्षं आत बसून माळा ओवल्या, गावाहून दुकान सांभाळायला आलेली माझी जाऊ गादीवर असायची. ओवून ओवून बोटांच्या टोकांना घट्टे पडले. पोरीचा हात मऊ आहे की कामाचा, ते त्या बोटांना आता कळणारही नाही.

त्या हंगामातली ती पोर पवनारचीच होती. वैशाखाचे शेवटले मुहूर्त, भर दुपार, रस्त्यावर कुत्रंही नाही. सोबत एक मावशी, घामानं डबडबलेली, आल्या आल्या माठातलं पाणी मागणारी. पोर सावळी, अंगानं किरकोळ, पण तळवे राठ, निंदण-वेचण केलेले. असे हात मऊ व्हायला वेळ लागतो. मी डावा हात घेतला. मागे हे होते. आल्यापासून दोनदा खोकले होते, मी ऐकलं होतं. पोरीच्या डोळ्यांसमोर ते होते, माझ्या खांद्यावरून तिला सरळ दिसत होते.

डावा हात भरून झाला. एकही अडली नाही. उजवा घेतला, पहिल्या काही चढवल्या. मावशी रंगात आली होती. ह्यांना म्हणाली, तुमच्या हातचा चुडा माह्या लेकीनं घातला होता भाऊ, पाटल्या मोडाव्या लागल्या पण बांगडी नाई वाढली. आणि स्वतःशीच हसली.

मागून उत्तर आलं नाही.

ह्या माणसानं जन्मात गिऱ्हाइकाचा शब्द खाली पडू दिला नव्हता. ताप असो, भांडण झालेलं असो, आई गेल्याच्या तेराव्यालासुद्धा दारातल्या बाईला ‘या’ म्हणाले होते. मी थांबले. कान दिले. रस्त्यावरून वाऱ्यानं पाचोळा गेला तेवढाच आवाज. ‘डोया लागला वाटते,’ मावशी म्हणाली आणि दाराशी जाऊन पदरानं वारा घेत, एसटी लागली का ते बघायला लागली.

वळून बघायला किती लागतं? पण वळले असते तर त्याच क्षणी माझ्या हातातला तो हात परका होता. अर्धा चुडा भरलेली नवरी, आणि ती कुणाच्या हातून! गावभर झालं असतं. लग्न उद्यावर. सोडून दिला तरी त्या पोरीचं नशीब गेलं, भरला तरी गेलं. माझी बोटं तिच्या मनगटावर तशीच. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

तिला सगळं दिसत होतं. माझ्या खांद्यावरून ती बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी भरत चाललं होतं, पण तोंडातून आवाज नाही. मग तिनं नजर माझ्याकडे आणली. दाराशी मावशी उभी आहे हे तिनं पाहून घेतलं. आणि राठ तळव्याचा तो हात आपणहून माझ्या मुठीत आणखी पुढे सारला.

“भरा काकू,” ती हळूच म्हणाली. “तुमीच भरा.”

मी भरला. अंगठा आत दुमडला, हाड चुकवलं, एक, मग दुसरी, चुडा पुरा होईपर्यंत. एकही वाढली नाही. असा चुडा मी आधी कधी भरला नव्हता. चुडा झाल्यावर नवरीनं दुकानदाराच्या पाया पडायचं असतं. ती उठली, गादीपाशी गेली, लांबूनच खाली डोकं टेकलं, आणि मावशी वळायच्या आत तिच्याजवळ पोचली. चाल मावशी, म्हणाली, गाडी जाईन. मावशी मला म्हणाली, भाऊले उठवू नका, आराम करू द्या.

दोघी पायऱ्या उतरल्या. उन्हात ती दोन्ही हात पदराखाली घेऊन चालत होती. कापडाच्या ओळीपाशी रस्ता वळतो, तिथवर ती दिसत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत मी समोर रस्त्याकडेच बघत राहिले, कारण तोवर मला सवाष्ण राहायचं होतं.